'साठी'चे व्याकरण : व्यायामाच्या जाहिरातीतील मध्यमवयीन स्त्री

मराठीत 'चाळिशी' या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक वयाचा, दुसरा चष्म्याचा. 'साठी'लाही दोन आहेत. साठी म्हणजे वयाचा एक टप्पा. आणि 'साठी' हे हेतू दाखविणारे शब्दयोगी अव्ययही आहे. घरासाठी, मुलांसाठी, सौभाग्यासाठी. या दोहोंचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने संबंध असो वा नसो, व्यवहारात त्यांची वाटणी मोठी सूचक झालेली आहे. वयाची साठी पुरुषाच्या वाट्याला समारंभाने येते. षष्ट्यब्दीपूर्तीच्या पाटावर पत्नी शेजारी बसते खरी, पण वर्षे मोजली जातात ती त्याची. स्त्रीच्या वाट्याला येते ती व्याकरणातली साठी. चाळिशी ते साठी या वयातील स्त्रीचे जे चित्रण व्यायामाच्या, आहाराच्या आणि 'फिटनेस'च्या जाहिरातींत आढळते, ते वाचताना हा श्लेष हाताशी ठेवण्यासारखा आहे. कारण त्या जाहिरातींत तिच्या शरीराचा उल्लेख या अव्ययावाचून क्वचितच होतो.

संस्कृत काव्यशास्त्राने स्वकीया नायिकेचे मुग्धा, मध्या आणि प्रगल्भा असे भेद केले. हे भेद वयाचे तसेच प्रणयातील अनुभवाचेही आहेत. प्रगल्भेपाशी वर्गीकरण थांबते. तिच्यापुढे स्त्री असते, पण ती नायिका नसते. ती कोणाची तरी माता असते, सासू असते. आधुनिक जाहिरात स्वतःला परंपरेच्या ओझ्यातून सुटलेली समजते. तथापि हा आराखडा तिने जवळजवळ जसाच्या तसा उचललेला दिसतो. विशीतील मुग्धा तिला हवी असते आणि सत्तरीतील आजीही चालते. मधल्या तीस-चाळीस वर्षांचे काय करायचे, हे तिला फार काळ सुचले नव्हते. वय वाढण्याला लावल्या जाणाऱ्या दुहेरी मापदंडाविषयी सुसान सोंटॅग यांनी १९७२ साली जो निबंध लिहिला, त्यात पुरुषाला वयाने वजन प्राप्त होते आणि स्त्रीची किंमत मात्र उतरते, हा विचार मध्यवर्ती होता. 'वजन' हा शब्द मराठीत त्या विचाराला आणखी एक पीळ देतो. पन्नाशीच्या पुरुषाचे समाजात वजन असते. पन्नाशीच्या स्त्रीला ते उतरवायचे असते.

सांगली-मिरज रस्त्याने विश्रामबागेकडे जाताना, किंवा साताऱ्यात राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे येताना, व्यायामशाळांचे जे फ्लेक्स दिसतात त्यांची रचना एव्हाना एक संकेत होऊन बसली आहे. एका बाजूला पिळदार स्नायूंचा, बहुधा परदेशी, पुरुष. दुसऱ्या बाजूला हातात डंबेल घेतलेली, तीही बहुधा परदेशी, विशीतील तरुणी. खाली यंत्रांची नावे, फीमधली सवलत, उद्घाटनास येणाऱ्या पुढाऱ्यांची छायाचित्रे. आणि अगदी तळाशी, चौकटीत, 'महिलांसाठी स्वतंत्र बॅच'. ही बॅच पुष्कळदा दुपारची असते, किंवा चारनंतरची. नोकरीवरचा पुरुष आणि कॉलेजातली मुलगी त्या वेळी येऊ शकत नाहीत. येऊ शकते ती स्वयंपाक, डबे, भांडी उरकलेली आणि संध्याकाळचा चहा अजून चुलीवर चढायचा आहे अशी गृहिणी. म्हणजे फलकाच्या अक्षरांना ती अभिप्रेत आहे, चित्राला नाही. रोलाँ बार्थ यांनी १९६४ सालच्या आपल्या प्रसिद्ध विवेचनात जाहिरातीतील मजकूर हा चित्राचा अर्थ नांगरून ठेवतो, असे म्हटले होते. सांगलीच्या या फलकावर नांगर एका नावेचा आणि नाव दुसऱ्याच घाटाला, अशी अवस्था आहे. चित्र एकीशी बोलते, मजकूर दुसरीशी. आणि ज्या स्त्रीला बोलावणे आहे तिने येताना आपले शरीर बाहेर ठेवून, चित्रातल्या मुलीचे शरीर मनात घेऊन आत यावे, अशी अपेक्षा असते. त्या फलकावरचा सर्वांत प्रामाणिक तपशील कोणता, असे विचारले तर बॅचची वेळ, असेच म्हणावे लागेल. तेवढ्या एका ओळीत तिचा सबंध दिवस आलेला असतो.

हा संकेत कालपरवाचा वाटतो, पण त्याची मुळे याच मुलखात पाऊणशे-शंभर वर्षे मागे जातात. आज मुख्यतः सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत विभागलेले औंध संस्थान हे आधुनिक भारतातील व्यायामप्रचाराचे एक आद्य केंद्र होय. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आधी सँडोच्या पद्धतीचा व्यायाम वर्षानुवर्षे केला, पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि संस्थानच्या शाळांतून नमस्कार नेमाने घातले जावेत अशी त्यांनी व्यवस्था केली. पुस्तके, छायाचित्रे, व्याख्याने, प्रात्यक्षिके ही प्रचाराची सारी साधने त्यांनी वापरली. १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लुईस मॉर्गन या पत्रकार स्त्रीने संपादित करून लंडनहून प्रसिद्ध झाले, तेव्हा नमस्कारांचा हा प्रचार पाश्चात्त्य मध्यमवर्गीय स्त्रीपर्यंतही पोचला. राजघराण्यातील स्त्रियाही नमस्कार घालतात, हे या प्रचारात आवर्जून सांगितले जाई. 'जाहिरात' हा शब्द पंतांना रुचला नसता, कारण विकायला त्यांच्यापाशी काहीच नव्हते. तरीही स्त्रीच्या शरीराला व्यायामाकडे कसे बोलवावे, त्याचे शब्द येथे घडत होते. आणि सुलभ प्रसूती, सुदृढ संतती व पर्यायाने सुदृढ राष्ट्र हे त्यातले मोठे शब्द होते.

त्याच संस्थानच्या हद्दीत, कुंडलच्या माळावर, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तेथून १९२०मध्ये निघालेली 'किर्लोस्कर खबर' ही मुळात कारखान्याच्या मालाची माहिती देणारी पत्रिका होती, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यायला हवे. नांगराची जाहिरात करता करता मराठीतले एक प्रमुख वैचारिक मासिक घडले, आणि त्याच घराण्यात १९३० साली 'स्त्री' जन्माला आले. शं. वा. किर्लोस्कर हे स्वतः चित्रकार. शब्द आणि चित्र यांच्या जोडीने वाचकाचे मन कसे वळवावे, याची त्यांच्याइतकी जाण त्या काळच्या मराठी संपादकांत क्वचित कोणाला असेल. 'स्त्री'ने मराठी बाईला शिक्षण, पोशाख, विवाहाचे वय, आरोग्य यांविषयी बोलते केले, हे तिचे ऋण कोणीही नाकारणार नाही. तरीसुद्धा त्या काळातील एकूण मराठी नियतकालिकांतील जाहिरातींकडे पाहिले की बाळंतकाढे, टॉनिके, केशतेले यांच्या गर्दीत स्त्रीचे शरीर दोनच क्षणी दिसते : लग्नाआधी आणि बाळंतपणाच्या आसपास. प्रसूतीचे वय संपलेल्या स्त्रीला विकण्यासारखे त्या बाजारात फारसे काही नव्हते. प्रचारकालाही तिला सांगण्यासारखे फारसे काही नव्हते, कारण ज्या संततीसाठी व्यायाम करायचा ती आता मोठी झाली होती.

या चौकटीबाहेर उभा असलेला एक माणूस म्हणजे र. धों. कर्वे. १९२७ ते १९५३ या काळात चाललेल्या 'समाजस्वास्थ्य'ने स्त्रीच्या शरीराचा विचार मातृत्वापासून सोडवून तिच्या स्वतःच्या सुखाशी जोडला. मराठीत हे धैर्य एकट्याचे होते आणि त्याची किंमत त्यांनी न्यायालयात चुकविली. मात्र 'समाजस्वास्थ्य'च्या मुखपृष्ठावरील विवस्त्र स्त्रिया प्रामुख्याने पाश्चात्त्य आणि तरुण होत्या. आत विचार स्वतंत्र, वर चित्र उसने. विश्रामबागेतल्या फलकाशी याचे दूरचे नाते आहे, असे म्हटले तर कर्व्यांवर अन्याय होईल. पण मराठी प्रौढ स्त्रीचे शरीर दाखवायचे कसे, हा प्रश्न त्यांनाही सुटला नाही, एवढे खरे.

दूरचित्रवाणीच्या जाहिरातीने मध्यमवयीन स्त्रीला प्रथम चित्रात घेतले ते दुसऱ्याच्या शरीराची राखणदार म्हणून. सफोला तेलाच्या जाहिरातींचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. हृदय पतीचे, कोलेस्टेरॉल पतीचे, आणि भीती मात्र तिची. कढईपाशी उभ्या असलेल्या त्या स्त्रीलाही हृदय असते, रजोनिवृत्तीनंतर तिच्याही हृदयविकाराची शक्यता वाढते, ही वैद्यकातील सर्वपरिचित गोष्ट त्या कथनात बसत नव्हती. २००८ साली स्त्रियांसाठी वेगळे हॉर्लिक्स बाजारात आले तेव्हा तिच्या हाडांकडे लक्ष गेले. हा बदल लहान नव्हे. परंतु या जातीच्या जाहिरातींचे वाक्य नीट सोडवून पाहिले तर तिला दोन पोटवाक्ये असतात : स्वतःकडे लक्ष दे, कारण सारे घर तुझ्यावर उभे आहे. पहिल्या पोटवाक्याने दिलेले दुसरे काढून घेते. ज्या इमारतीला आपण खांब म्हणतो त्या खांबाची डागडुजी इमारतीच्या मालकाला करावीच लागते. त्यात खांबाचा सन्मान किती, हा प्रश्न वेगळा. अलीकडच्या जाहिरातींतून 'फक्त स्वतःसाठी' हा शब्दप्रयोग सर्रास होतो आणि तो मुक्तीचा उद्गार म्हणून वाचला जातो. येथेही 'साठी' सुटलेली नाही. 'स्वतः' हा फक्त नवा आश्रयदाता झाला आहे, आणि त्या 'स्वतः'ला लगेच काहीतरी विकत घ्यायचे असते.

वजन घटविण्याच्या जाहिरातीतील 'आधी' आणि 'नंतर' ही छायाचित्रांची जोडी तर कथनशास्त्राच्या अभ्यासकाला आयती मिळालेली संहिता आहे. आदी आहे, अंत आहे, मध्य नाही. डाव्या चित्रात बाई सैल पोशाखात, खाली मान घालून. उजव्या चित्रात ताठ, हसरी, केस कापलेली. या दोहोंच्या मधले सहा महिने, त्यातला कंटाळा, सांधेदुखी, रात्री फुटणारा घाम, सासूचे पथ्य आणि आपले पथ्य अशी दोन वेळची दोन भांडी, हे सारे त्या दोन चित्रांमधल्या पांढऱ्या रेघेत जाते. मध्यमवयाची कथा सांगणाऱ्या संहितेतून मध्यच गाळला जावा, हा विरोध वरवरचा नाही. मधला काळ दाखविला तर जे विकायचे आहे ते अपुरे दिसू लागेल. आणखी एक गोष्ट. या जोडचित्राखाली स्त्री क्वचित प्रथमपुरुषी बोलते. पण काय बोलते? 'माझे वजन बारा किलोने घटले' अशा धर्तीचे वाक्य. येथे कर्ता कोण? वजन. नपुंसकलिंगी, तृतीयपुरुषी वजन. ती स्वतः 'माझे' या विशेषणात शिल्लक उरते. एरवी सगळा व्यवहार आज्ञार्थात चालतो : या, घटवा, व्हा, मिळवा. 'मी चालते', 'मी धावते', 'मी दमले' अशी क्रियापदे या जाहिरातींत शोधून सापडत नाहीत. मराठी क्रियापद कर्त्याचे लिंग बोलून दाखविते. ती सोय येथे वापरलीच जात नाही.

अमेरिकेत जेन फोंडा यांची व्यायामाची पहिली ध्वनिचित्रफीत १९८२ साली आली तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. म्हणजे आधुनिक घरगुती व्यायामाच्या धंद्याची पहिली नायिका चाळिशी उलटलेली होती. मात्र त्या फितीचे सारे सामर्थ्य ती तशी दिसत नाही यात होते. महाराष्ट्रातले वळण काहीसे निराळे. येथे २०१८च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा वाद घरोघर रंगला. डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनच वेळा जेवायला सांगत होते, ऋजुता दिवेकर तूप-भात आणि थोड्या थोड्या वेळाने खाणे यांची बाजू घेत होत्या. दोन्ही पक्षांचा प्रसार रूढ जाहिरातीपेक्षा व्याख्याने, पुस्तके आणि विशेषतः मध्यमवयीन स्त्रियांच्या परस्परांतील बोलण्याने झाला. 'बटाट्याच्या चाळी'तला उपास हा पुरुषाचा आणि म्हणून विनोदाचा विषय होता. साठ वर्षांनी तोच विषय स्त्रियांच्या भिशीत पोचला तेव्हा गंभीर झाला. या वादात त्या स्त्रिया निदान बोलत होत्या, वाद घालत होत्या, स्वतःच्या रक्तातील साखरेचे आकडे एकमेकींना सांगत होत्या. व्यावसायिक जाहिरातीने त्यांना ही भूमिका कधी दिली नव्हती.

मधले वय टाळण्याची आणखी एक युक्ती म्हणजे थेट चमत्काराकडे उडी. साडी नेसून अनवाणी धावणाऱ्या, २०२० साली एक्याऐंशीव्या वाढदिवशी जोर काढणाऱ्या उषा सोमण यांची दृश्ये देशभर फिरली. त्यांच्या ताकदीविषयी आदरच वाटावा. पण त्यांची प्रतिमा ज्या रीतीने वापरली गेली तिच्यात चाळिशीतल्या बाईला एक टोमणा आहे : या वयात त्या करतात, मग तुला काय झाले? आजी ही स्पर्धेबाहेरची असते. तिचे शरीर न्याहाळले जात नाही, त्याचे कौतुक होते. अठ्ठेचाळीसच्या स्त्रीचे शरीर न्याहाळण्याच्या कक्षेत असते आणि कौतुकाच्या कक्षेत आलेले नसते. जॉन बर्जर यांनी १९७२ साली स्त्री स्वतःला पाहिली जात असताना पाहते, या आशयाचे जे विवेचन केले, त्याला या वयाची पुरवणी जोडावी लागेल : आपण आता पाहिल्या जात नाही, हेही ती पाहत असते.

या चमत्कारांच्या मालिकेत लता भगवान करे यांचे नाव घेतले जाते, आणि येथे थांबणे भाग आहे. मूळच्या बुलढाण्याकडच्या, बारामतीजवळ मोलमजुरी करणाऱ्या, साठी उलटलेल्या या स्त्रीने २०१३च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून, पायात काही न घालता भाग घेतला आणि ती जिंकली. पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता आणि बक्षिसाची रक्कम तेवढ्यापुरती पुरणार होती. पुढे २०२० साली नवीन देशबोइना यांनी 'लता भगवान करे' हा चित्रपट केला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, आणि ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्या धावण्याचे चित्र मात्र चित्रपटाआधी आणि नंतरही प्रेरणेचे चित्र म्हणून फिरत राहिले. नऊवारी, अनवाणी पाय, पांढरे केस, पुढे झुकलेली मान; खाली जिद्द, इच्छाशक्ती, वयावर मात. व्यायामाच्या जाहिरातीला लागणारी सारी चिन्हे तिथे हजर आहेत. चित्राच्या चौकटीतून गळते ते एकच, आणि तेच त्या धावण्याचे कारण आहे. ज्या समाजात साठीच्या मजूर बाईला नवऱ्याच्या मेंदूचे किंवा मणक्याचे छायाचित्र काढण्यासाठी शर्यत जिंकावी लागते, त्या समाजाचे ते छायाचित्र आहे. अनवाणी पाय हे सामर्थ्याचे चिन्ह म्हणून वाचण्याआधी ते चपलेच्या अभावाचे चिन्ह म्हणून वाचायला हवे. येथे 'साठी' हे अव्यय आलंकारिक राहत नाही; त्याला रुपये-पैशांत किंमत आहे. स्त्रीची दोन्ही साठी, वयाची आणि हेतूची, या एका प्रतिमेत एकत्र आल्या आहेत, आणि तरीही ती वाचताना एकीचाच उल्लेख होतो.

श्रमाचे असे सौंदर्यीकरण मराठी आरोग्यविषयक लेखनात आणि त्याच्या आधाराने चालणाऱ्या जाहिरातीत आणखी एका रूपात दिसते. ते रूप जात्याचे आहे. आपल्या आज्या दळत, कांडत, विहिरीचे पाणी शेंदत. म्हणून त्यांना व्यायामशाळेची गरज नव्हती, हे वाक्य आता सुभाषितासारखे फिरते. या विधानाची तपासणी करायला मराठी साहित्याच्या अभ्यासकाइतका अधिकारी दुसरा कोणी नाही, कारण त्या आज्यांनी जात्यावर काय म्हटले याचा पुरावा त्याच्याच क्षेत्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या संग्रहात जात्याविषयी आपुलकी आहे, त्याला देव मानणेही आहे; पण दुखणारे हात, पहाटेची अपुरी झोप, सासरचा जाच आणि ज्याच्यापाशी हे सांगावे असे दगडावाचून दुसरे कोणी नसणे, हे त्या ओव्यांचे आवर्तनी विषय आहेत. दळण हा व्यायाम होता असे ओवी गाणारी म्हणत नाही. व्यायाम आणि श्रम या दोन शब्दांत मराठीने जो भेद राखला तो फार महत्त्वाचा आहे : व्यायाम थांबविता येतो.

तो भेद आजही सांगलीच्या शिवारात पाहता येतो, आणि किर्लोस्करवाडीपासून त्यासाठी लांब जायला नको. कुंडल, साखराळे या परिसरातील साखर कारखान्यांच्या हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीची कुटुंबे येतात. नवरा-बायकोची जोडी हे तोडीचे एकक. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. भाषेने येथे माणसांना हत्याराचे नाव दिले आहे. कामाचा खाडा झाला तर दंड. मग पाळीचे दिवस, गरोदरपण, गर्भाशयाचे दुखणे ही सारी खाड्याची कारणे ठरतात. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या बातम्यांनंतर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांतल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या होत्या. वैद्यकीय भाषेत याचा अर्थ असा, की अंडाशये काढली गेली असतील तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी आली, आणि राहिली असतील तरी ती लवकर येण्याचा संभव वाढला; हाडांची झीज, थकवा, सांधेदुखी हे सर्व जाहिरातीतल्या बाईला पन्नाशीला भेटणारे प्रश्न या स्त्रीला पस्तिशीत भेटले. जाहिरात 'मध्यमवय' हा शब्द वयाच्या आकड्याने मोजते. तो आकडा वर्गानुसार बदलतो, ही गोष्ट तिच्या व्याकरणात नाही. कॅल्शियमच्या जाहिरातीतली बाई ज्या हाडांविषयी बोलते तीच हाडे उसाच्या फडात पहाटे चारपासून वाकलेली असतात, परंतु तिला ग्राहक म्हणून पत नसल्यामुळे ती संबोधनाच्या विभक्तीत कधी येत नाही.

२०२३ या एका वर्षाने याच संदर्भात दोन वेगळी दृश्ये दिली. मार्चमध्ये स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. तालमीच्या या गावाने स्त्रीचे बळ प्रथमच भर मैदानात पाहिले. जूनअखेरीस केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' प्रदर्शित झाला. मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरणाऱ्या सहा बहिणींच्या या कथेला गावोगावच्या स्त्रिया घोळक्याने, नटून गेल्या. समीक्षेने या चित्रपटाच्या भाबडेपणावर बोट ठेवले तर ते चूक म्हणता येणार नाही. बहिणींचे अबोले स्पर्धेच्या सरावात फार सहज विरघळतात, आणि मंगळागौर हे मुळात सौभाग्यासाठी केलेले व्रत आहे, हेही विसरता येत नाही. तरीसुद्धा त्या चित्रपटाच्या पडद्यावर जाड कंबरा, दुखणारे गुडघे आणि लागलेली धाप यांना जागा मिळाली, आणि प्रेक्षागृहातील स्त्रिया त्यांनाच टाळ्या देत होत्या. फुगडी घालताना बाई वजन घटवीत नसते. फिरत असते. 'होम मिनिस्टर' आणि त्याच्या पाठोपाठ गावोगाव झालेल्या पैठणीच्या खेळांनी प्रौढ स्त्रीच्या खेळण्याला आधीच प्रायोजक मिळवून दिले होते, त्यामुळे हे फिरणे फार काळ निर्हेतुक राहील अशी आशा धरणे कठीण आहे.

मराठी कथात्म साहित्याने मात्र हा प्रश्न जाहिरातीच्या पुष्कळ आधी हाताळला. 'एकेक पान गळावया' हे गौरी देशपांडे यांचे पुस्तक १९८०चे. त्यातील तीन दीर्घकथांपैकी एकीचे नावच 'मध्य लटपटीत' आहे. 'आधी' आणि 'नंतर' यांमधल्या पांढऱ्या रेघेत जे जाते त्याला इतके नेमके नाव जाहिरातीच्या भाषेत मिळणे शक्य नव्हते. गौरी देशपांडे यांच्या नायिका उच्चवर्गीय आहेत, परदेशी राहतात, त्यांना मोलकरणी आणि विमानाची तिकिटे परवडतात, हा आक्षेप जुना आहे आणि खराही आहे. परंतु त्यांच्या लेखनातील प्रौढ स्त्री आपल्या शरीराविषयी कोणाला कारण देत नाही. ती दमते, तिला कोणीतरी हवेसे वाटते, ती कंटाळते, म्हातारी होते. आणि ही सारी क्रियापदे ती स्वतः चालविते. र. धों. कर्वे हे नात्याने त्यांचे काका. चुलत्याने विचारात जे मांडले आणि ज्याचे चित्र त्याला उसने आणावे लागले, ते पुतणीने कथेत उभे केले, असे म्हणता येईल. आयुष्याचा मोठा काळ त्या सातारा जिल्ह्यातच, फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिल्या, आणि 'विंचुर्णीचे धडे' या पुस्तकात त्या वास्तव्याविषयी त्यांनी लिहिले. औंध तेथून फार दूर नाही. आणि हंगामात उसाच्या गाड्या फलटणच्या रस्त्यावरूनही जातात. त्या गाड्यांवर बसलेल्या स्त्रीचे, चाळिशी न पाहताच मध्यमवय संपवून बसलेल्या स्त्रीचे, प्रथमपुरुषी गद्य मराठीत अजून फार थोडे लिहिले गेले आहे.